अवशेष सापडल्यावर फाइल पुन्हा उघडते तेव्हा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

बेपत्ता व्यक्तीची जुनी फाइल एखाद्या दिवशी अवशेष सापडल्यामुळे पुन्हा उघडते. घरच्यांच्या मनात त्या क्षणी शंभर प्रश्न असतात आणि ते नेमके कुणाला विचारायचे हेच कळत नाही. या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. कायद्याची कलमं देशागणिक बदलतात, त्यामुळे उत्तरं शास्त्र आणि तपासपद्धतीपुरती ठेवली आहेत.

प्रश्न: डोंगरात फिरताना आम्हाला एक लांब हाड आणि बुटाचा तळवा दिसला. हाड उचलून पोलिसांकडे नेलं, तर त्यांनी आम्हालाच बोल लावले. आमचं काय चुकलं?

हेतू चांगला होता, पण हाड जागेवरून हललं की त्याच्याबरोबरची बरीच माहिती जाते. ते जमिनीवर होतं की अर्धं गाडलेलं, कुठल्या बाजूला तोंड करून होतं, त्याखाली काय होतं, बूट किती अंतरावर होता, हे सगळं त्या जागेतच लिहिलेलं असतं. असं काही दिसलं तर हात न लावता लांबून आणि जवळून फोटो घ्या, फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा, आलात त्याच वाटेने मागे फिरा आणि पोलिसांना तिथे बोलवा. कुत्रा बरोबर असेल तर त्याला आधी बांधा.

हाड माणसाचं की जनावराचं, हे हाडाचं टोक शाबूत असेल तर जाणकार पाहूनच सांगतो. नुसता तुकडा असेल तर त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गाय-डुकरासारख्या मोठ्या जनावरांच्या हाडात विटांच्या भिंतीसारखी रचना बऱ्याचदा दिसते, माणसाच्या हाडात ती सहसा नसते. फसगत होते ती अस्वलाच्या पंज्याने. कातडी आणि नखं गेलेला पंजा माणसाच्या हाता-पायासारखा इतका दिसतो की सरावलेले लोकही चकतात.

बुटाबद्दल एक सांगायला हवं. बुटात पाऊल सापडलं म्हणजे कुणी ते कापलं, असा अर्थ लगेच काढू नये. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेलिश समुद्रात २००७पासून बुटातली पावलं वाहून येत राहिली आणि भलत्यासलत्या अफवा उठल्या. पाण्यात शरीर विघटित होताना घोट्याचा सांधा आपोआप सुटतो, बुटाने पाऊल झाकलेलं राहतं आणि हलक्या तळव्याचा बूट तरंगतो. कारण एवढंच होतं.

प्रश्न: माझा थोरला भाऊ बावीस वर्षांपूर्वी घरातून गेला. आता काही अवशेष सापडले आहेत आणि डीएनएसाठी नमुने मागितले आहेत. वडील हयात नाहीत, आई थकली आहे. काका, मामा, आत्या सगळे द्यायला तयार आहेत. नेमका कुणाचा नमुना उपयोगी?

सगळ्यात आधी आईचा, आणि तोही याच आठवड्यात. आई किंवा वडील यांच्याकडून माणसाला बरोबर अर्धा-अर्धा डीएनए मिळतो, त्यामुळे त्यांच्या नमुन्याला तोड नाही. दोघांचे असतील तर निष्कर्ष जवळपास निर्विवाद होतो. वयस्कर नातेवाइकाचा नमुना ‘नंतर घेऊ’ म्हणून राहिला आणि मग तो माणूसच राहिला नाही, अशाने चांगली प्रकरणं लंगडी झाली आहेत.

भाऊ-बहिणींचा डीएनए सरासरीने निम्मा जुळतो. सरासरीने म्हणजे एखाद्या जोडीत त्याहून बराच कमीही. म्हणून एकच भाऊ देऊन थांबू नका. सख्खी भावंडं असतील तितक्या सगळ्यांचे नमुने द्या. भावाला मूल असेल तर त्याचा नमुना आणि त्या मुलाच्या आईचाही द्या. आईकडून आलेला भाग वजा केला की उरतो तो बापाचा.

आता काका-मामांचं. हाड जुनं असेल तर पेशीच्या केंद्रातला डीएनए बऱ्याचदा तुटून गेलेला असतो. तेव्हा मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म भागांचा डीएनए कामाला येतो, कारण एका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. तो फक्त आईकडून मुलांना मिळतो. त्यामुळे तुमच्या भावासाठी आई, आईची आई, मामा, मावशी, मावसभाऊ, मावसबहीण, सख्खी बहीण आणि तिची मुलं, म्हणजे तुमचे भाचे-भाची, हे सगळे चालतील. मामेभाऊ चालणार नाही, कारण त्याला हा डीएनए मामीकडून मिळाला. भावाची स्वतःची मुलंही या चाचणीला चालत नाहीत, त्यांच्याकडे त्यांच्या आईचा असतो. दुसरी वाट वाय गुणसूत्राची. ते बापाकडून मुलाला जातं. तिथे काका, चुलतभाऊ, पुतण्या उपयोगी. आत्या या दोन्ही वाटांवर बसत नाही. तिचा नमुना वाया जातो असं नाही, पण रांगेत ती शेवटी.

ही आईची वाट किती लांब जाते ते रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबावरून दिसलं. १९९१ मध्ये येकातेरिनबर्गजवळ नऊ सांगाडे उकरले गेले. सम्राज्ञी अलेक्झांड्रा यांच्या बहिणीच्या मुलीचे चिरंजीव, म्हणजे ब्रिटनचे प्रिन्स फिलिप, यांचं रक्त घेऊन सम्राज्ञी आणि मुलींची ओळख जुळवली. राहिलेल्या दोन मुलांचे अवशेष २००७ मध्ये पहिल्या खड्ड्यापासून सुमारे सत्तर मीटरवर मिळाले. ‘इथलं सगळं शोधून झालं’ हे वाक्य किती सांभाळून म्हणावं, ते यात आहे.

मात्र मायटोकाँड्रियाचा जुळाव एकटा पुरत नाही. एकाच मातृवंशातल्या सगळ्यांचा तो सारखाच असतो, आणि परस्परांना न ओळखणाऱ्या हजारो लोकांतही एकच प्रकार सापडू शकतो. अहवालात फक्त ‘वगळता येत नाही’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘तोच आहे’ असा घेऊ नका.

नमुना गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतात. अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नये. भावाच्या स्वतःच्या वस्तू राहिल्या असतील, जसं दाताचा ब्रश, दाढीचं रेझर, जपून ठेवलेला दुधाचा दात, तर त्या धुऊ-पुसू नका आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. ओल धरते आणि बुरशी डीएनए खाते. कागदी पाकीट, त्यावर तारीख, आणि ती वस्तू आणखी कोण वापरत होतं याची नोंद. बऱ्याच जणांना सुचत नाही असा एक स्रोत म्हणजे जुनं ऑपरेशन. रुग्णालयं तपासणीसाठी काढलेल्या मांसाचे मेणात बसवलेले ठोकळे अनेक वर्षं ठेवतात. त्यातून थेट त्याचाच डीएनए मिळू शकतो.

दोन गोष्टी नमुना देण्याआधी बोलून घ्या. तो फक्त बेपत्ता व्यक्तीच्या तुलनेसाठी वापरला जाईल, अन्य गुन्ह्यांच्या नमुन्यांशी ताडला जाणार नाही, हे संमतीपत्रात लिहिलेलं आहे का ते वाचा. आणि घरात कुणी दत्तक असेल, सावत्र असेल, किंवा जन्माबद्दल काही न बोललेलं असेल, तर ते प्रयोगशाळेला खाजगीत सांगा. न सांगितल्यास गणित चुकतं, खरा माणूस ‘जुळत नाही’ म्हणून बाजूला पडतो.

प्रश्न: शर्ट आमच्या काकांचाच आहे, घड्याळही ओळखलं. तरी पोलीस महिनोन्महिने थांबायला सांगतात. कशासाठी?

कपडे आणि घड्याळ काढता येतं, देता येतं, चोरीला जातं. तसाच शर्ट घातलेले हजारो लोक असतात. आणि वीस वर्षं वाट पाहणारा माणूस मळलेल्या चिंधीतही आपला रंग शोधतो. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या मनाला ते खरंच दिसतं.

इंटरपोलच्या पद्धतीत ओळखीची मुख्य साधनं तीनच मानली आहेत: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. शरीरात बसवलेल्या साधनावरचा क्रमांक, जसं कृत्रिम खुबा किंवा पेसमेकर, हाही जवळपास त्याच मोलाचा. बाकी कपडे, दागिने, गोंदण हा आधार झाला, निर्णय नव्हे. चुकीचं नाव दिलं तर दोन घरांचं नुकसान होतं. तुमच्या काकांचा शोध थांबतो, आणि ज्या कुणाचे ते अवशेष आहेत त्यांच्या घरचे आणखी वीस वर्षं दाराकडे बघत बसतात.

घाई करायची असेल तर दातांच्या बाजूने करा. काका कुठल्या दंतवैद्याकडे जात होते ते आठवा आणि एक्स-रे, साचे, नोंदी मिळवा. डोक्याचा जुना एक्स-रे असेल तर तोही द्या, कारण कपाळाच्या आतल्या पोकळीचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो. हाड मोडल्याची, प्लेट बसवल्याची कागदपत्रं द्या. हसतानाचे, दात दिसणारे फोटो द्या, आणि मूळ प्रत द्या, फोनवरून पुढे पाठवून घासलेली नको. पुढचे दात तिरपे, मध्ये फट, एखादा तुटलेला, एवढं त्यातून कळतं.

प्रश्न: मृत्यू किती वर्षांपूर्वी झाला हे हाडं बघून सांगता येतं का?

हाडं बघून, फार ढोबळ. एखादा अहवाल ‘११ वर्षांपूर्वी’ असा नेमका आकडा देत असेल तर त्यामागे हाडांखेरीज दुसरा काही पुरावा आहे का, हे जरूर विचारा.

चूक किती मोठी होऊ शकते याचं उदाहरण या शास्त्राच्याच इतिहासात आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९७७ मध्ये एका उकरलेल्या थडग्यात देह सापडला. मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बास यांनी मृत्यूला वर्षही झालं नसावं असा अंदाज दिला. तो देह निघाला १८६४ मध्ये यादवी युद्धात पडलेल्या कर्नल शाय यांचा. देहावर टिकवण्याची प्रक्रिया केलेली होती आणि शवपेटी ओतीव लोखंडाची, घट्ट बंद. अंदाज ११३ वर्षांनी चुकला. बास यांनी तो लपवला नाही, उलट त्यातूनच १९८१ मध्ये नॉक्सव्हिल इथे दान केलेल्या देहांचं विघटन उघड्यावर नोंदवणारं संशोधन केंद्र उभं राहिलं.

उष्ण, दमट, उघड्या जागी काही आठवड्यांत सांगाडा उरतो. ओल्या आणि हवा न लागणाऱ्या जागी चरबीचा साबणासारखा पांढरट थर बनतो आणि देह दशकानुदशकं टिकू शकतो. चुन्यात पुरलं तर देह लवकर नाहीसा होतो हा समज तर उलटाच आहे. चुना बहुधा सडणं लांबवतो.

म्हणून हाडाच्या भोवताली बघतात. बरगड्यांतून झाडाचं मूळ गेलं असेल तर त्या मुळाचा काप घेऊन वलयं मोजतात. पाच वलयं म्हणजे किमान पाच वर्षं. जास्त असू शकतात, कमी नाहीत. खिशातलं नाणं ज्या सालचं, त्याआधी मृत्यू शक्य नाही. सुती कापड कुजतं, पण त्याची नायलॉनच्या दोऱ्याची शिवण आणि धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी मागे राहते, त्या चिठ्ठीवरून कापड कधीचं ते कळतं. कुजत्या देहावर बसणाऱ्या माश्यांच्या कोषांची रिकामी टरफलं देह उघड्यावर होता का आणि कुठल्या ऋतूत, ते सुचवतात. १९३५ मध्ये स्कॉटलंडच्या मॉफट गावाजवळ ओढ्यात तुकडे केलेले दोन देह मिळाले, तेव्हा त्यांना गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची आवृत्ती फक्त इंग्लंडमधल्या लँकेस्टर-मोरकॅम भागात विकली गेलेली होती. त्या एका कागदाने तपासाला तारीखही दिली आणि गावही.

जन्मवर्षासाठी एक सुंदर पद्धत आहे. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर केलेल्या अणुचाचण्यांनी हवेतलं किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केलं आणि १९६३च्या बंदी करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, एकदा बनलं की बदलत नाही, त्यामुळे ते बनलं त्या वर्षीच्या हवेची खूण त्यात अडकून राहते. पहिल्या दाढेचं एनॅमल जन्माच्या सुमारास बनू लागतं, अक्कलदाढेचं बरंच नंतर. दोन्ही मोजले तर कार्बन-१४ चढत होतं तेव्हाचं वर्ष की उतरत होतं तेव्हाचं हेही कळतं आणि जन्मसाल साधारण दीड-दोन वर्षांच्या फरकाने सांगता येतं. एनॅमलमध्ये अणुचाचण्यांपूर्वीची पातळी निघाली तर माणूस त्या काळाआधी जन्मला असं ठरतं. अवशेष त्याहून कितीतरी पुरातन आहेत का, हे मग वेगळं तपासावं लागतं.

प्रश्न: मी तपास विभागात नवा आहे. पंचवीस वर्षांपूर्वीची ‘मिसिंग’ची फाइल, आता त्या भागात सांगाडा. सुरुवात कुठून करू?

बसून. फोन नंतर, भेटी नंतर, संशयित तर सगळ्यात शेवटी.

पहिलं काम घटनास्थळाचं, कारण ते पाऊस-जनावरांच्या तावडीत आहे. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडं असतात. किती मिळाली याची यादी करा आणि न मिळालेल्यांची वेगळी. उतारावर कवटी गडगडत खाली जाते, ओघळाच्या तळाशी बघा. कोल्हे-कुत्रे हाता-पायांची हाडं शेकडो मीटर नेतात. त्यामुळे सापडलेली जागा ही मृत्यूची जागा किंवा पहिल्यांदा देह ठेवल्याची जागा असेलच असं नाही. जमिनीवर सर्वांत जास्त हाडं आणि मातीत काळसर डाग जिथे, तिथे देह कुजला असण्याची शक्यता मोठी. दोऱ्या ताणून एक-एक मीटरचे चौकोन पाडा, गुडघ्यावर बसून बघा, माती आधी सहा मिलिमीटरच्या आणि मग तीन मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. दात, बोटांची पेरं, जिभेच्या मुळाशी असणारं नालाच्या आकाराचं हायॉइड हाड, गोळीचा तुकडा, नख हे सगळं चाळणीतच मिळतं. यंत्राने खोदायला लावू नका. खड्डा असेल तर त्याच्या कडा वेगळ्या मातीने दिसतात, त्या कडा धरून उतरा. फावड्याच्या पात्याची खूण कधीकधी भिंतीवर टिकून राहते. पोटाच्या भागाखालची माती वेगळ्या पिशवीत घ्या, आणि शेजारची देह नसलेल्या जागेचीही. ती तुलनेची माती घेतली नाही तर पुढे मातीतलं आर्सेनिक विषप्रयोग म्हणून वाचलं जाईल. हाडं उकळून किंवा ब्लीचने साफ करू देऊ नका, डीएनए जातो.

दुसरं काम नावाचं. ‘ही त्याच मुलीची असणार’ हे वाक्य फाइलवर येऊ देऊ नका. ते एकदा आलं की पुढचा प्रत्येक पुरावा त्या नावाकडे झुकवून वाचला जातो. जवळच्या जिल्ह्यांतल्या, आजूबाजूच्या दहा-पंधरा वर्षांतल्या सगळ्या बेपत्ता नोंदी काढा. वय पाच वर्षं अलीकडे-पलीकडे, उंची सात-आठ सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे धरा. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख चुकून नोंदलेली असते, म्हणून त्यावर शोध थांबवू नका. उलट दिशेनेही बघा: याच व्यक्तीचा एखादा भाग पूर्वी दुसऱ्या हद्दीत सापडून बेवारस म्हणून पुरला गेला असेल.

नाव पक्कं झाल्यावर फाइल. गोषवारा नको, मूळ कागद हवेत: स्टेशन डायरी, हाताने लिहिलेले जबाब, पाकिटावरचे शेरे. प्रत्येक व्यक्तीचं एक कार्ड आणि एकच कालरेषा करा. मग ‘शेवटचं कुणी पाहिलं’ यावर थांबा. बऱ्याच फायलींत शेवटचं पाहिल्याची वेळ एकाच माणसाच्या तोंडून आलेली असते आणि सगळ्यांचे ‘मी तेव्हा इतरत्र होतो’ हे त्या वेळेवर तोललेले असतात. तो एक जबाब बाजूला काढून कालरेषा पुन्हा मांडा. स्वतंत्र पुरावा असलेली शेवटची वेळ आदल्या दिवशीची निघाली, तर सगळे पुन्हा प्रश्नाच्या कक्षेत येतात. ‘स्वतःच्या मर्जीने गेली असावी’ असा शेरा पहिल्या आठवड्यात पडलेला असेल तर त्या आठवड्यात काय काय केलं गेलं नाही याची यादी करा. तीच तुमची कामाची यादी.

आता तुमच्या हातात पूर्वीच्यांकडे नसलेली एक गोष्ट आहे: जागा. त्या सालचे हवाई फोटो आणि नकाशे मागवा. आजचा रस्ता तेव्हा होता का, पाण्याची पातळी कुठे होती, झाडी किती होती, जमीन कुणाच्या ताब्यात होती, तिथे कोण कामाला जायचं? रात्री देह घेऊन कुणीही अनोळखी ठिकाणी सहसा फिरत नाही. जुन्या फाइलमधल्या नावांपैकी ही जागा कुणाच्या पायाखालची होती, हे ताडून बघा. आणि गुन्हाच घडला असं धरून चालू नका. अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या फॉस तलावात २०१३ मध्ये पोलीस ध्वनिलहरींनी तळ बघणाऱ्या सोनार यंत्राचा सराव करत असताना तळाशी दोन गाड्या आणि सहा जणांचे अवशेष मिळाले. तीन जण १९६९ पासून, तीन १९७० पासून बेपत्ता होते. इतकी वर्षं नाना शंका घेतल्या गेल्या होत्या आणि गाड्या पाण्यात गेल्या होत्या, इतकंच.

मुद्देमाल शोधा, पण पाकीट लगेच फोडू नका. तेव्हा हातमोजे न घालता किती जणांनी ते हाताळलं ते आधी लिहा, त्या लोकांचे नमुने वगळण्यासाठी लागतील. चिकटपट्टीची आतली बाजू, गाठीच्या आतला दोरा, कपड्याची आत दुमडलेली शिवण इथे परक्या हाताचा डीएनए टिकण्याची शक्यता बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा जास्त. बोटांचे जुने अर्धवट ठसे आजच्या संगणकीय संग्रहात पुन्हा टाका.

साक्षीदार कडेकडून केंद्राकडे घ्या. दोन दशकांत संसार मोडतात, मैत्री तुटते, ज्याची भीती होती तो माणूस म्हातारा होतो. तेव्हा गप्प बसलेला आज बोलू शकतो. त्याला जुना जबाब आधी दाखवू नका. मोकळं बोलू द्या, मग विचारा, ‘हे तुम्ही पाहिलं, की ऐकलं, की पुढे बातम्यांत वाचलं?’ आणि दोन-तीन तपशील, जसं गाठ कशी होती किंवा काय सापडलं नाही, ते अगदी थोड्या लोकांतच राहू द्या. कबुली आली तर ती खरी की ऐकीव, हे त्यावरूनच ठरतं. पत्रकारांना आणि नातेवाइकांना सगळं सांगून बसलात तर ही कसोटी कायमची गेली.

प्रश्न: अहवालात वय २५ ते ४० आणि उंची १६० ते १६८ लिहिली आहे. माझे मामा ४३ वर्षांचे, १७० सेंटिमीटर होते. म्हणजे ते नाहीतच?

एवढ्यावरून नाही म्हणता येत नाही. वाढत्या वयात हाडं ठरलेल्या क्रमाने जुळत जातात, छातीजवळचं कॉलरबोनचं टोक सगळ्यात शेवटी, तिशीच्या आत-बाहेर. तिथपर्यंत वय बरंच नेमकं निघतं. त्यानंतर झीज मोजायची असते आणि झीज कामावर, आजारावर, आहारावर ठरते. चाळिशीचा माणूस तिशीचा वाटू शकतो. उंची मांडीच्या हाडावरून काढली तरी चार सेंटिमीटरचा फरक मामुली. शिवाय ओळखपत्रावरची उंची पुष्कळ जण वाढवूनच सांगतात.

मोजणीतही चुका होतात. उंचीसाठी जगभर वापरली गेलेली १९५२ची सूत्रं बनवताना नडगीचं घोट्याकडचं टोक मापातून राहून गेलं होतं. ते १९९०च्या दशकात उघड झालं. तोवर नीट मोजलेल्या नडगीवरून काढलेली उंची दोन-तीन सेंटिमीटर जास्त येत होती. लिंगाबाबतही तसंच: ओटीपोटाचं हाड शाबूत असेल तर अंदाज खूप भरवशाचा, फक्त कवटी असेल तर कमी, आणि वयात न आलेल्या मुलांत जवळपास निरुपयोगी. वैमानिक अमेलिया इअरहार्ट १९३७ मध्ये बेपत्ता झाल्या. १९४० मध्ये पॅसिफिकमधल्या निकुमारोरो बेटावर काही हाडं मिळाली. १९४१ मध्ये फिजीतल्या डॉक्टरांनी ती पुरुषाची ठरवली आणि पुढे ती हाडंच गहाळ झाली. २०१८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड जँट्झ यांनी कागदावर उरलेल्या सात मापांचं नवं गणित मांडून ती इअरहार्ट यांच्याशी फार जवळची असल्याचं सांगितलं. पण हाडं नसताना वाद मिटणार कसा? मामांच्या बाबतीत अहवालावर न थांबता तुलनेचा नमुना द्या.

प्रश्न: ‘मृत्यूचं कारण निश्चित करता येत नाही’ असा शेरा आला. आता खटला उभा राहू शकत नाही का?

हा शेरा प्रामाणिक आहे. गळा दाबणं, गुदमरवणं, मऊ भागावरचा वार, बुडणं, यांची खूण हाडावर बहुधा राहत नाही. हायॉइड हाड मोडलेलं नाही म्हणून गळा दाबला नाही, असंही म्हणता येत नाही. तरुणांत त्याचे भाग जुळलेले नसतात, ते वाकतं आणि मोडत नाही. हाडावर जखम असेल तर ती कधीची, हा प्रश्न. ओलं हाड ओल्या काटकीसारखं तिरपं चिरतं आणि कडेचा रंग बाकी हाडासारखाच जुना असतो. सुकलेलं हाड नंतर मोडलं तर कडा खडबडीत, आडव्या आणि फिकट असतात. फावड्याच्या फटक्याला खुनाचा वार समजल्याच्या चुका इथेच होतात.

कारण कळलं नाही तरी परिस्थिती बोलते. देह पुरलेला होता, हात बांधलेले होते, कागदपत्रं दुसरीकडे फेकलेली होती, कुणी मृत व्यक्तीच्या नावाने नंतर पैसे काढले. असा पुरावा गोळा करून न्यायालयासमोर प्रकरण उभं राहू शकतं.

प्रश्न: प्रयोगशाळा म्हणते, ‘प्रोफाइल निघाली नाही.’ पुढे काय?

प्रोफाइल म्हणजे तुलनेसाठी लागणारा डीएनएचा नकाशा. तो निघाला नाही तर आधी कुठलं हाड वापरलं ते विचारा. बरगडी किंवा कवटीचा पातळ तुकडा घेतला असेल तर अंतर्कर्णाभोवतीचं टणक हाड, न किडलेली दाढ किंवा मांडीच्या हाडाचा मधला भाग घेऊन पुन्हा करायला सांगा. अर्धा-एक ग्रॅम भुकटी पुरते. देह कधी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे देह टिकवण्याच्या रसायनात, ठेवला होता का तेही विचारा, त्याने डीएनएचे तुकडे होतात.

नाहीच निघाली तर नमुना जपून ठेवा. न्यू यॉर्कच्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात २,७५३ माणसं गेली. त्यातल्या सुमारे ४० टक्क्यांची ओळख दोन दशकं उलटूनही अवशेषांवरून पटलेली नाही. पण जपलेले तेच तुकडे नव्या पद्धतीने तपासून अधूनमधून एखादं नाव निघत राहतं. प्रोफाइल निघाली पण कुणाशी जुळली नाही, तर वंशावळीची वाट आहे. डीएनएमधल्या लाखो ठिकाणचे बारीक फरक वाचून, लोकांनी आपली वंशावळ शोधायला डीएनए दिलेल्या संग्रहांतले दूरचे नातेवाईक शोधायचे आणि त्यांच्यावरून कुटुंबवृक्ष खाली उतरवायचा. फिलाडेल्फियात १९५७ मध्ये पेटीत सापडलेल्या अनोळखी मुलाचं नाव २०२२ मध्ये असंच मिळालं. त्याआधी त्याचे अवशेष दोनदा उकरावे लागले होते. पण ज्या समाजातले लोक या संग्रहांत नाहीत, तिथे ही पद्धत अडते. आणि तिच्यातून निघालेलं नाव हा सुगावा असतो. नंतर जवळच्या नातेवाइकाशी नेहमीची तुलना करावीच लागते.

प्रश्न: ओळख पटली, पण थोडीच हाडं मिळाली. आईला किती सांगावं? अंत्यविधी आत्ता करावा की थांबावं?

किती ऐकायचं ते आईलाच विचारा. ‘कशा अवस्थेत होतं ते सांगू का, की फक्त तोच आहे एवढंच पुरे?’ असं सरळ विचारता येतं. न विचारता लपवलेलं पुढे शेजाऱ्याकडून किंवा बातमीतून कळतं. तपास अधिकाऱ्यांना म्हणा की काहीही जाहीर करण्याआधी दोघांनी घरी यावं, फोनवर सांगू नये, आणि पुढचा प्रश्न विचारायला एकाच अधिकाऱ्याचा नंबर द्यावा. माणूस नाही आणि गेला असंही नाही, या अवस्थेला अभ्यासक पॉलीन बॉस यांनी ‘अनिश्चित वियोग’ म्हटलं आहे. ती अवस्था संपली की सुटका वाटेल असं घरचे धरून चालतात, पण काहींचं दुःख तेव्हाच नव्याने सुरू होतं. आई त्या दिवशी रडली नाही आणि महिन्याने कोसळली, तर तेही स्वाभाविक आहे.

अंत्यविधीआधी तीन गोष्टी लेखी घ्या. एक, तपास आणि संभाव्य बचाव पक्ष यांच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का. दहन झालं की डीएनए मिळण्याची आशा जवळजवळ संपते आणि हाडावरच्या खुणाही जातात. पुरणार असाल तर जागेचा क्रमांक नोंदवा. दोन, पुढे आणखी हाडं मिळाली तर प्रत्येक वेळी कळवावं, सगळं एकदमच कळवावं, की कळवूच नये, हे कुटुंबाने ठरवून सही करून द्यावं. मोठ्या दुर्घटनांत नातेवाइकांना हा पर्याय दिला जातो, एकट्या प्रकरणातही मागता येतो. तीन, प्रयोगशाळेत दाताचा किंवा हाडाचा थोडा भाग आणि काढलेला डीएनए राखून ठेवणार आहेत का, किती वर्षं, आणि कुठल्या क्रमांकाखाली. तो क्रमांक मृत्यूच्या दाखल्याच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि घरातल्या धाकट्या पिढीतल्या एकाला दाखवा.